फ्रान्सच्या खेड्यात आठवडाभर घर भाड्याने घेणं हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का? आम्ही आठ जण आहोत, आईही बरोबर आहे, गाडीशिवाय जमेल का?

पडतं. आठ जणांना तर पडतंच.

आम्हीही आठच होतो. मी, बायको, मुलगी, साडू, मेव्हणी, त्यांची दोन पोरं आणि सासूबाई. जून २०२३, दोर्दोन्य भागात सार्ला गावाजवळचं एक खेडं, दगडी घर, चार बेडरूम, शनिवार ते शनिवार ११०० युरो. हॉटेलात चार खोल्या घेतल्या असत्या तर शंभराच्या खाली एक खोली मिळत नव्हती, म्हणजे सात रात्रींचे २८०० आणि वर रोज बाहेर जेवण. हा हिशेब मी साडूला ठाण्यात त्याच्याच हॉलमध्ये बसून कागदावर करून दाखवला होता. तेव्हा मान डोलावली आणि आता प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात चारचौघांत सांगतो की "याच्या खेड्याच्या नादात दीडशे युरोंचा चुना लागला". तर तो दीडशे युरोंचा विषय एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, तुमचंही काम होईल.

या घरांना तिकडे जीत म्हणतात, उच्चार झीतच्या जवळपास. 'जीत द फ्रान्स' ही १९५५ पासूनची संस्था आहे, ती हॉटेलांसारखे तारे देत नाही, गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. आमचं घर थेट मालकिणीकडून घेतलेलं, ओंबी-बिंबी काही नव्हती. साडू पहिल्या दिवसापासून "जीत कसली, हार आहे ही" हा एकच विनोद सात दिवस मारत होता, आणि सासूबाई दरवेळी हसायच्या, जावई मोठा ना.

पहिली रात्र. पॅरिसहून बोर्दोला टीजीव्हीने, म्हणजे तिकडच्या वेगवान रेल्वेने, दोन तासांत पोचलो, तिथे नऊ सीटची व्हॅन घ्यायला रांगेत दीड तास गेला, आणि खेड्यात पोचेपर्यंत रात्रीचे सव्वाआठ. दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सकाळी बारापर्यंत बेकरी आणि नंतर चिटपाखरू नाही. त्यात पलंगावर नुसत्या गाद्या! चादरी आणि टॉवेल वेगळे पैसे देऊन आधी सांगावे लागतात, माणशी बारा युरो, ते बुकिंगमध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलं नाही, ही चूक माझी, कबूल. पण सासूबाईंनी बॅगेत तीन सोलापुरी चादरी कोंबल्या होत्या. मुंबई एअरपोर्टवर याच चादरींवरून वजन जास्त भरलं म्हणून साडूने त्यांना केवढं ऐकवलं होतं, आणि रात्री सर्वात आधी चादर कोणी ओढली ते विचारू नका. जेवायला मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी. तूप नव्हतं, कारण भारतातून दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीच युरोपात नेता येत नाही, पेढेसुद्धा नाहीत. कढीपत्ताही नाही. नारळ मात्र चालतो, का ते त्यांनाच माहीत. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी तिकडचंच लोणी आणून कढवलं. घेताना 'दू' लिहिलेलं घ्या, म्हणजे बिनमिठाचं, 'दमी-सेल' म्हणजे खारट. असं रवाळ तूप मी चितळ्यांच्या पुण्यात खाल्लेलं नाही, बायको म्हणते अतिशयोक्ती, असू दे.

आता पाणी. आपल्याकडे सगळ्यांना सकाळीच आंघोळ हवी. तिकडे बऱ्याच घरांत गरम पाण्याची एकच टाकी असते, आमची दोनशे लिटरची होती, आणि ती रात्री वीज स्वस्त असते तेव्हाच तापते. चौथा माणूस बाहेर आला की संपलं. पाचवा साडू. तो बाथरूममधून जे ओरडला ते शेजारच्या गायींनी ऐकलं असणार. मग मी फ्यूजच्या पेटीत बघितलं, तिथे एक बारकं खटकं असतं, त्यावर ०, ऑटो आणि १ असं लिहिलेलं, ते १ वर ढकललं की टाकी दिवसाही तापते. हे मी शोधलं, मी. याचं श्रेय आजतागायत मिळालेलं नाही. आणि हो, बाथरूममध्ये जमिनीला मोरीसारखी जाळी नसते, बादली-तांब्याची आंघोळ टबाबाहेर केलीत तर पाणी थेट लाकडी फळ्यांतून खालच्या मजल्यावर. आईंना आधीच सांगून ठेवा. मैला सेप्टिक टँकमध्ये जातो, त्यामुळे ओले वाइप्स वगैरे अजिबात टाकू नका.

चर्चची घंटा दर तासाला, रात्रीसुद्धा. सासूबाईंना आवडली, गावाकडे आल्यासारखं वाटतं म्हणाल्या. साडू तक्रार करायला निघाला होता. त्याला म्हटलं, बाबा रे, या देशात २०२१ साली कायदा झालाय, खेड्यातले आवाज आणि वास हा तिथला वारसा मानतात, कोंबडा आरवतो म्हणून शहरी लोक कोर्टात जायला लागले त्यानंतर. तर म्हणे, तू मालकिणीच्या बाजूने आहेस.

त्याचं मूळ दुखणं वेगळंच आहे. त्याला सात दिवसांत सात देश पाहिजे होते. रोज रात्री नकाशा उघडून पॅरिस जाऊन-येऊन होईल का, स्वित्झर्लंड किती लांब. अरे, पॅरिस एका बाजूने सव्वापाचशे किलोमीटर! एक दिवस बोर्दोला गेलाच, पाच तास गाडीत आणि दोन तास पार्किंग शोधण्यात. आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या लास्कोच्या गुहेला नेलं तर "डुप्लिकेट बघायला तिकीट?" आता मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, लोकांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली म्हणून, २०१६ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती केली, ती बघताना माझ्या मुलीच्या तोंडून आवाज निघत नव्हता. हा बाहेर बाकावर फोन करत बसला. माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना ठिकाणं मोजायची असतात त्यांनी खेड्यात घर घेऊच नये, ग्रुप टूरने जावं. तुमच्या आठांत असा एक जरी असेल तर त्याला आत्ताच विचारा.

आता दीडशे युरो. डिपॉझिट ४०० होतं, रोख. बुधवारी सार्लाचा बाजार असतो (शनिवारीही असतो), तिथून भाजी, बकरीचं चीज, स्ट्रॉबेरी असं आणलं आणि संध्याकाळी मी वरण लावलं. कुकर आपला, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, अॅल्युमिनियमचा नेऊ नका. त्या दिवशी २१ जून, फ्रान्सभर गावोगावी रस्त्यावर गाणी-बजावणी असते, १९८२ पासूनची प्रथा, आणि साडूला तिथे जायची घाई. "वाढा पटकन" म्हणत त्याने कुकर शेगडीवरून उचलला आणि थेट जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबल अक्रोडाच्या लाकडाचं, त्या भागात अक्रोड म्हणजे आपल्याकडे आंबा. खाली काही नाही, ना जाळी, ना वर्तमानपत्र. उचलल्यावर पांढरं कडं उमटलेलं, कुकरच्या बुडाएवढं बरोब्बर. मेव्हणीने त्यावर फुलदाणी ठेवली.

शनिवारी दहाला मालकीण वही घेऊन आली. जाताना सगळ्या घराची तपासणी होते. तिने चमचे मोजले, ओव्हन उघडून बघितला, मग फुलदाणी उचलली आणि त्या कड्यावरून बोट फिरवलं, एकदा सुलट, एकदा उलट, बोलली काहीच नाही. २५० परत दिले. मला अन्याय वाटला नाही, माझं टेबल असतं तर मी तीनशे कापले असते.

साडूचं म्हणणं काय, तर कुकर माझा, वरण माझं, खेडं माझं, म्हणून पैसे मी भरायचे. भरले की! विषय पैशाचा नाहीच.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं पटकन. गाडीशिवाय जमेल का: नाही. बस मोजक्या असतात आणि दूध आणायलाही पाच-सहा किलोमीटर जावं लागतं. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, खेड्याबाहेरच्या रस्त्यांना साधारण ८० ची मर्यादा, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो ट्रॅक्टर का असेना. व्हिसासाठी बुकिंगच्या कागदावर आठही जणांची नावं आणि घराचा पूर्ण पत्ता घ्या, विमा ३०,००० युरोंचा लागतो. आईंचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावर बेडरूम आणि संडास आहे का ते आधी विचारा, जुन्या घरांचे जिने म्हणजे शिडीच. मी सांगितलेले भाव जूनचे आहेत, जुलै-ऑगस्टला चांगलेच चढतात आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवारच देतात. थंडीत गेलात तर हीटिंगचे पैसे वेगळे. साफसफाईचेही वेगळे, आम्ही ९० भरले, आणि तरी भांडी आपणच घासून जायची असतात. कोण घासणार ते विमानात बसायच्या आधी ठरवा.

आणि पोचल्या पोचल्या सगळ्या घराचे फोटो काढा, टेबलांचेसुद्धा.

फोटोवरून आठवलं. साडूची शेवटची पळवाट अशी की रात्रीची वेळ होती, अंधारात टेबल कसलं आहे ते दिसलं नाही. माझ्या मुलीने त्या जेवणाचा फोटो काढलाय, फॅमिली ग्रुपवर आहे, २१ जून, रात्री ८ वाजून ५२ मिनिटं. कुकरच्या दांड्यावर पुष्कराजाची अंगठी घातलेला हात आहे, आणि खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलंय. जूनमध्ये तिकडे दहा वाजत आले तरी सूर्य मावळत नाही.