रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण पुढची तब्येत कशावरून ओळखायची?

वडील ७२ वर्षांचे, बीपी-शुगर गोळ्यांवर ताब्यात, रिपोर्ट चांगले. तरी पुढची वर्षं कशी जातील याचा अंदाज कशावरून बांधायचा, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन पेशंट बघते. फाइल मी नंतर उघडते. आधी आजोबा खुर्चीतून कसे उठतात आणि दारापर्यंत कसे येतात, ते बघते.

फाइलमध्ये आजार कळतात. ते आजार घेऊन माणूस काय काय करू शकतो, हे त्यात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या अहवालात याच क्षमतेवर भर दिला: हालचाल, पोषण व ताकद, नजर आणि ऐकणं, स्मरणशक्ती, मनःस्थिती.

यात चाल फार बोलकी. २०११ साली पासष्टीपुढच्या सुमारे ३४,५०० लोकांची माहिती एकत्र करून बघितली गेली. वय, स्त्री की पुरुष आणि चालण्याचा वेग, एवढ्यावरून बांधलेला आयुष्याचा अंदाज हा आजार, बीपी, वजन, धूम्रपान सगळं धरून बांधलेल्या अंदाजाइतकाच बरोबर निघाला. नवल नाही म्हणा. चालायला हृदय, फुफ्फुसं, स्नायू, तोल, नजर आणि मेंदू सगळेच कामाला लागतात. मुठीच्या पकडीचंही तसंच. भारतासह १७ देशांत झालेल्या पाहणीत मृत्यूचा धोका वरच्या बीपीपेक्षा पकडीवरून जास्त नीट कळला.

घरी चार मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या चालीने चालायला लावा. चारपेक्षा जास्त सेकंद लागले, तर आशियाई निकषांनुसार चाल मंद. दुसरी चाचणी: हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठ-बस, १४ सेकंदांच्या आत. शेजारी उभे राहा, पडायला नकोत. आणि परीक्षा आहे असं सांगू नका. सांगितलं की आमचे आजोबा लोक मुद्दाम भरभर चालून दाखवतात!

मनाकडे मात्र घरच्यांचं लक्ष जात नाही. कट्ट्यावर जाणं बंद झालं, पेपर नुसता चाळून ठेवतात, हे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. कधी कारण फक्त कान असतात: ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचा थांबतो आणि घरच्यांना वाटतं विसरायला लागले. आधी कान तपासून घ्या. दोन आठवडे कशातच रस नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हे आकडे हजारोंच्या सरासरीचे आहेत. तुमच्या वडिलांची तुलना त्यांच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करा, दर सहा महिन्यांनी. वेग एकदम घसरला तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. हळूहळू घसरत असेल तर पायांच्या ताकदीचे व्यायाम आणि जेवणात पुरेसं प्रोटीन यांनी बराचसा सावरता येतो, ७२व्या वर्षीही. नुसतं सकाळचं फिरणं त्याला पुरत नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती, ते आधी डॉक्टरांना विचारा.