वडिलांच्या नावावरची बारा बोअर बंदूक मुलाच्या नावावर कशी करायची?

तुम्ही विचारलंय की वडील ७२ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे, आता ती त्यांना झेपत नाही म्हणून तुम्हाला द्यायची आहे. आणि नात्यातले कुणी सांगतात की स्टॅम्प पेपरवर बक्षीसपत्र केलं की काम झालं.

तेवढ्याने काम होत नाही. कृपा करून असलं काही करू नका. परवाना माणसाला मिळतो आणि बंदूक त्या परवान्यावर चढवलेली असते. तुमच्या नावाने परवाना नसताना ती तुमच्या ताब्यात सापडली, तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ खाली किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी हे १ ते ३ वर्षं होतं, आणि गावातली जाणती माणसं अजून जुन्याच हिशेबाने सल्ले देतात.

तुमच्यासाठी रस्ता आहे आणि तो चांगला आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वाचा. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपला कायदेशीर वारस सुचवू शकतो. वडिलांनी सत्तरी ओलांडलीय, म्हणजे ते आजच तुमचं नाव देऊ शकतात. शिवाय नव्या परवान्यासाठी एरवी शस्त्राची गरज पटवून द्यावी लागते, तिथेच बहुतेक अर्ज मरतात. वारसाच्या अर्जाला ती अट आड येत नाही. बाकीची पात्रता मात्र लागते: वय २१ पूर्ण, पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे. वडिलांचा मूळ परवाना, त्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र आणि भावंडांची ना हरकत सोबत ठेवा. परवानाधारक मयत असेल तर इतर वारसांची ना हरकत लागतेच. हयातीतही घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण एका बहिणीने किंवा भावाने तक्रार टाकली की फाइल हलत नाही.

अर्जाआधी एक गोष्ट जरूर करा. बंदुकीवर कोरलेला नंबर आणि परवान्यातला नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. आमच्याकडे कोकणात शेती संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका असतात. वडिलांच्या पश्चात आमची मी माझ्या नावावर करून घेतली, तेव्हा पोलीस ठाण्यात हवालदारांनी नळीच्या बुडाशी रॉकेलचा बोळा फिरवला, वर खडू घासला, तेव्हा कुठे गंजाखालचे आकडे वाचता आले. परवान्यात ३ होता, लोखंडावर ८. जुन्या हस्तलिखित नोंदींत असं होतं. दुरुस्ती आधीच करून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं.

नवा परवाना हातात येईपर्यंत बंदूक वडिलांच्याच ताब्यात राहू द्या, आणि त्यांच्या परवान्याची मुदत आजच बघा. मुदत संपली, किंवा देव न करो त्यांचं काही बरंवाईट झालं, तर विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ तेच सांगतं. दुःखाच्या दिवसांत बंदूक कपाटातच राहते आणि वर्षभराने नोटीस येते, असं मी शेजारीपाजारी पाहिलंय.

घराबाहेरच्या कुणाला द्यायची किंवा विकायची असेल तर प्रकरण वेगळं. घेणाऱ्याकडे त्या शस्त्राचा परवाना आधीपासून हवा. वडिलांनी त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, आणि तिथून किमान ४५ दिवस थांबायचं. न कळवता किंवा मुदतीआधी दिली तर तोही गुन्हा.

तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं चढणार नाही. २०१९ पासून मर्यादा दोनचीच आहे आणि वारसाहक्कालाही ती लागू आहे. आणि घरातली काडतुसं विसरू नका. तीही परवान्यावरच असतात, त्यामुळे बंदूक जमा कराल तेव्हा काडतुसंही मोजून द्या आणि पावतीवर त्यांची संख्या लिहून घ्या.