नवीन फॅन्टसी एमएमओआरपीजीची (हजारो जण ऑनलाइन एकाच जगात खेळतात अशा गेमची) जाहीर केलेली फीचर्स लाँचच्या वेळी खरंच मिळतात का?

थोडी मिळतात, पण सगळ्यात भारी वाटणारीच बहुतेक वेळा गळतात.

एव्हरक्वेस्ट नेक्स्टचं उदाहरण घ्या. 2013 मध्ये जाहीर झाला तेव्हा काय काय सांगितलं होतं! जमीन कुठेही खोदा-फोडा, चाळीसच्या वर क्लास (योद्धा, जादूगार अशा भूमिका) गोळा करून मिसळा, आणि ऑर्क (गेममधले राक्षस) स्वतःच ठरवणार की लुटालुटीला कुठला रस्ता बरा. मार्च 2016 मध्ये प्रकल्पच गुंडाळला.

कारण साधं आहे. एकट्याच्या गेममध्ये खड्डा खणला तर तो तुमच्याच मशीनवर राहतो. इथे तो सर्व्हरने लक्षात ठेवायचा, आसपासच्या प्रत्येकाला दाखवायचा, आणि कुणी मुद्दाम गावच्या वेशीवर खणत बसला तर तेही निस्तरायचं. (बसणारच कुणीतरी.)

क्राउफॉल या गेमने उलट केलं: ठरावीक काळाने संपणारी जगं कबूल केली आणि 2021 मध्ये दिलीही. पण खेळाडू टिकले नाहीत, 2022 मध्ये सर्व्हर बंद.

म्हणून मी यादी वाचत नाही. न कापलेला खेळाचा व्हिडिओ आणि शंभरेक खेळाडू एकत्र लढताना होणारा लॅग (गेमचं अडखळणं), एवढंच बघतो. फाउंडर पॅकचे (लाँचआधीच विकतात त्या संचाचे) पैसे तोवर खिशातच.