रद्द झालेल्या शिफ्टचे पैसे

अमेरिकेत ताशी पगारावर काम करणाऱ्या आपल्या लोकांची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. शिफ्ट बदलली, रद्द झाली, तर त्याचेही पैसे मिळतात हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. देशभर लागू असा एक कायदा यासाठी नाही. काही शहरांनी आपापले नियम केले आहेत, त्यामुळे तुम्ही कुठल्या शहरात कामाला आहात त्यावर सगळं ठरतं.

प्रश्न (जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क) : ताई, मी ५८ वर्षांची आहे. मुलाने ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं. एका मोठ्या साखळीच्या डोनटच्या दुकानात काम करते. आठवड्यातून दोनदा रात्री साडेअकराला दुकान बंद करायचं आणि सकाळी सहाला मीच उघडायचं. पाठ टेकेपर्यंत दीड वाजतो. मॅनेजर म्हणतो, तुमचे आठवड्याचे ३२ तासच भरतात, मग जादा पैसे कशाचे?

काकू, याचा ओव्हरटाइमशी काहीही संबंध नाही. ओव्हरटाइम ४० तासांनंतर लागतो. तुमचा हक्क विश्रांतीचा आहे. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०१७ पासून ‘फेअर वर्कवीक’ कायदा लागू आहे. रात्री संपलेली शिफ्ट आणि सकाळची शिफ्ट यांत फास्ट फूडच्या कामगाराला ११ तास मिळाले नाहीत, तर मालकाने आधी तुमची लेखी संमती घ्यायची आणि अशा प्रत्येक वेळेला १०० डॉलर वेगळे द्यायचे. रात्री दुकान बंद करून सकाळी पुन्हा उघडण्याला कामगारांत ‘क्लोपनिंग’ म्हणतात. तुम्हाला मिळतात साडेसहा तास. म्हणजे आठवड्याचे २०० डॉलर तुमचे आहेत, तासांच्या पगाराशिवाय. आणि सही करायलाच हवी असं नाही. ‘मला जमणार नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तब्येतीचा विचार करून तो वापरा असंच मी सांगेन.

प्रश्न (क्वीन्स) : संध्याकाळी पाचला मेसेज येतो, ‘उद्या सकाळी नऊला येऊ नका, गिऱ्हाईक नाही.’ बर्गरच्या दुकानात आहे. दिवस बुडाला तो बुडालाच का?

नाही. फास्ट फूडचं वेळापत्रक १४ दिवस आधी हातात पडायला हवं. त्यानंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाची किंमत ठरलेली आहे. तास कापले आणि सात दिवसांहून जास्त आधी सांगितलं, तर २० डॉलर. सात दिवसांच्या आत सांगितलं, तर ४५. चोवीस तासांच्या आत सांगितलं, तर ७५. तुमचा मेसेज सोळा तास आधी आला, म्हणजे ७५. तास वाढवले किंवा नुसती वेळ हलवली तरी १० किंवा १५ डॉलर मिळतात. मात्र तुम्ही स्वतः सुट्टी मागितलीत, सहकाऱ्याशी आपसात शिफ्ट बदललीत, किंवा वादळामुळे नाहीतर वीज गेल्यामुळे दुकान बंद राहिलं, तर हे पैसे लागत नाहीत. गिऱ्हाईक नसणं मात्र या सवलतींत बसत नाही.

प्रश्न (ब्रुकलिन) : माझी सँडविचची एकच फ्रँचायझी आहे, नऊ माणसं. हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी असतील ना?

दादा, इथेच बरेच छोटे मालक अडकतात. कायदा तुमची माणसं मोजत नाही, पाटीवरचं नाव मोजतो. त्या ब्रँडची देशभरात ३० किंवा जास्त दुकानं असतील, तर तुमचं एकटं दुकानही त्यात आलं. वेळापत्रक भिंतीवर लावा, शिवाय प्रत्येकाला फोनवर पाठवा, आणि नोंदी तीन वर्षं जपून ठेवा. नवा माणूस घेण्याआधी ते तास जुन्या लोकांना विचारा, हेही कायद्यातच आहे.

प्रश्न (सिअ‍ॅटल) : कपड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये आहे. सहा तासांची शिफ्ट, दोन तासांनी घरी पाठवतात.

तुमच्याकडे जुलै २०१७ पासून ‘सिक्युअर शेड्युलिंग’ आहे, जगभरात ५०० किंवा जास्त माणसं असलेल्या रिटेल आणि फूड कंपन्यांसाठी. गेलेल्या चार तासांचा अर्धा पगार, म्हणजे दोन तासांचे पैसे मागा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : नदीपलीकडच्या न्यूयॉर्कचे हे नियम आम्हाला लागतात का?

नाही, आणि मला याचं वाईट वाटतं. बोलावल्यावर तुम्ही कामावर पोचलात आणि परत पाठवलं, तर साधारणपणे किमान एका तासाचा पगार मिळतो, एवढंच. पण राहायला एडिसनला आणि काम मॅनहॅटनमध्ये असेल, तर न्यूयॉर्कचा कायदा तुमचा आहे. कामाची जागा बघतात, घर नाही.

प्रश्न (न्यूयॉर्क) : तक्रार केली तर तास कमी करतील. शिवाय मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर आहे, कामाची परवानगी आहे, पण भीती वाटते.

भीती खरी आहे, तिला मी उगाच लहान करणार नाही. पण तक्रार केली म्हणून सूड घेणं बेकायदा आहे, आणि संरक्षणाला व्हिसाची अट नाही. फास्ट फूडमध्ये जुलै २०२१ पासून आणखी आधार आहे. पहिले ३० दिवस संपल्यावर योग्य कारणाशिवाय कामावरून काढता येत नाही, आणि ठरलेले तास १५ टक्के किंवा त्याहून जास्त कापताही येत नाहीत.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दर सोमवारी भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढायची त्यांना सवय. एका फोटोत शुक्रवारच्या रकान्यात ११ ते ७, चार दिवसांनंतरच्या फोटोत तिथेच पांढरी शाई आणि वर ३ ते ११. मॅनेजर ‘पहिल्यापासून हीच वेळ होती’ म्हणत होता. त्या दोन फोटोंपुढे त्याला बोलता आलं नाही. २०२२ मध्ये चिपोटले या फास्ट फूड साखळीला न्यूयॉर्क शहरातच या आणि आजारपणाच्या रजेच्या कायद्याखाली सुमारे १३ हजार कामगारांना २ कोटी डॉलर द्यायला लागले, तेव्हा हे फक्त कागदावरचे हक्क आहेत असं समजू नका.

न्यूयॉर्कमध्ये तक्रार शहराच्या ग्राहक व कामगार संरक्षण विभागाकडे करायची. मुदत दोन वर्षांची. ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर फोन लावून दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. जाताना वेळापत्रकाचे फोटो, मॅनेजरचे मेसेज आणि पगाराच्या स्लिपा सोबत ठेवा.