दीर तक्रार करतोय, भाऊ नाही

इंदूरच्या एका मल्टीतून (फ्लॅटच्या इमारतीतून) एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव-पत्ता गाळून त्यातलं मोजकंच इथे देतो.

ताई ५८ वर्षांच्या, निवृत्त नर्स. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, बोली मराठी. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण चौतिशीची, मराठीच, ताईंना काकू म्हणणारी. फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री अडीच वाजता दवाखान्याच्या काउंटरवर डिपॉझिट मागितलं, तेव्हा ताईंनी मोबाईलवरून १५,००० रुपये भरले. चौथ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "काकू, तुमच्या देवालाही सांगा ना." ताईंनी तिचा हात धरून प्रार्थना केली. पुढे तिने मागितली म्हणून बायबलमधल्या 'नव्या करारा'ची छोटी प्रत दिली. जुलैपासून दर बुधवारी संध्याकाळी ताईंकडे चार-पाच बायका बसतात. गाणं, वचन, प्रार्थना, चहा. शेजारीण त्यात येते. श्रावणात सासरी सत्यनारायण होता, तेव्हा ती पूजेला बसली नाही आणि तिथून ठिणगी पडली. दीर चार मुलं घेऊन ताईंच्या दारात आला, "भोळ्या बाईला पैसे देऊन बाटवता," म्हणाला. मल्टीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या पुस्तिकेचा फोटो फिरला. दोन दिवसांनी पोलीस थाण्यातून बयानासाठी, म्हणजे जबाबासाठी फोन: "मॅडम, आकर बयान दे जाइए."

ताईंचे प्रश्न चार. मी गुन्हा केलाय का? थाण्यात जाऊ का? बुधवार बंद करू का? आणि चर्चच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी सुचवलंय की शेजारणीकडून 'मी स्वखुशीने येते' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, तर घेऊ का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कागद तुम्ही कदाचित उद्याच कराल. करू नका. ती तुमच्याकडे चहाला आणि प्रार्थनेला येते, एवढीच आजची वस्तुस्थिती आहे. ज्या दिवशी तिची सही असलेला, नोटरीचा शिक्का मारलेला कागद तुमच्या कपाटात सापडेल, त्या दिवशी पोलीस विचारतील की धर्मांतर चाललंच नव्हतं तर हा कागद कशासाठी? निर्दोष माणसाने घाबरून केलेले कागदच पुढे त्याच्या विरुद्ध उभे राहतात, हे मी वकिलीत पुष्कळदा पाहिलंय. तिला काही सांगायचंच असेल तर तिने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत थाण्यात आवेदन द्यावं आणि पोच घ्यावी. मजकूर तुम्ही सांगू नका, सोबत जाऊ नका, रिक्षाचे पैसेही देऊ नका.

आता गुन्ह्याचं. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानणं, पाळणं यांच्याबरोबर त्याचा प्रचार करणं हाही हक्क आहे. मात्र आपल्याच मध्य प्रदेशातून गेलेल्या, धर्मांतराच्या कायद्यावरच्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही. त्या निकालावर टीका भरपूर झाली आहे, मलाही तो पटत नाही, पण आज कायदा तोच आहे. त्यातही सांगण्याला मनाई नाहीच. स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, कोणी विचारलं म्हणून किंवा न विचारता येशूबद्दल बोलणं हा गुन्हा नाही. त्यासाठी पाद्री असावं लागत नाही, चर्चची इमारतही लागत नाही.

तुम्हाला लागू होऊ शकेल तो कायदा म्हणजे मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, २०२१. राज्यात असा कायदा आधीपासून, १९६८ चा होता आणि त्याची मुळं नागपूर राजधानी असतानाच्या, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीपर्यंत जातात. पण जुन्या कायद्यात मूळ शिक्षा एक वर्षापर्यंत होती. नव्यात ती एक ते पाच वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. समोरची व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर दोन ते दहा वर्षं आणि किमान ५०,००० दंड. तुमची शेजारीण स्त्री आहे, म्हणून तुमचं प्रकरण दुसऱ्या खान्यात जातं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि खटला सत्र न्यायालयात. हे घाबरवायला लिहीत नाही. 'फार तर काय होईल' असं सांगणारे ओळखीचे लोक तुम्हाला भेटतील, त्यांचं ऐकू नये म्हणून लिहितोय.

या कायद्यात गुन्हा धर्माबद्दल बोलण्याचा नाही. फसवणूक, प्रलोभन, धमकी, जबरदस्ती, अवाजवी दबाव, लग्न अशा मार्गांनी धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. तुमच्या पत्रात यातलं एकच दुखरं ठिकाण आहे: ते १५,००० रुपये. प्रलोभनाची व्याख्या ऐसपैस आहे. रोख, वस्तू, नोकरी, शाळा, चांगलं राहणीमान, सगळं तिच्यात येतं, आणि कायद्याच्या व्याख्यांमध्ये दैवी कृपा-कोपही येतात. शिवाय धर्मांतर या मार्गांनी झालं नाही, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकलाय.

म्हणून तुमचं बयान कोणत्या शब्दांत लिहिलं जातं, याला फार महत्त्व आहे. तुम्ही मराठीत विचार करून सांगाल, "मी पैसे भरले, नंतर तिने सांगितलं म्हणून प्रार्थना केली." लिहिणारा हिंदीत लिहील, आणि त्याच्या सवयीने त्यात "मदद के बदले" हे तीन शब्द आले, तर शेजारधर्माचं प्रलोभन होऊन बसतं. त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. थाण्यात रोज जे साचे वापरले जातात, तेच हाताला येतात. बयान वाचून दाखवायला सांगा. "बदले", "प्रलोभन", "धर्मांतरण" हे शब्द तुम्ही उच्चारले नसतील तर ते काढायला सांगा. तपासात पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. कोऱ्या कागदावर तर कुठेच नको.

पैशांचा पुरावा मात्र तुमच्या बाजूने चांगला आहे. रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात गेली, प्रार्थनेच्या काही दिवस आधी गेली, आणि पत्रात तुम्ही लिहिलंय की शेजारणीने आत्तापर्यंत ६,००० परत केलेत. उरलेले ९,००० येऊ द्यात, मोबाईलवरूनच, थोडे थोडे. तुमच्या स्वभावाप्रमाणे "राहू दे गं, देवाने भरले समज" असं म्हणायचा मोह होईल. या घडीला ते वाक्य तुम्हाला परवडणारं नाही. उसने पैसे उसनेच राहिले पाहिजेत.

दुसरी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, आणि मला ती विचारायची आहे. तिने सत्यनारायणाला बसू नये किंवा देवघरातली मूर्ती उचलावी, असं तुम्ही कधी म्हणालात का? स्वतःचा विश्वास सांगणं वेगळं आणि तिच्या देवांना नावं ठेवणं वेगळं. दुसरं जाणूनबुजून, दुखावण्याच्या हेतूने झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ येतं, आणि तिथे तक्रारदार कोणीही असू शकतो. प्रार्थनेने आजार बरा झाल्याची साक्ष ग्रुपवर पाठवली असेल तर तेही कळवा. शेजारणीच्या नवऱ्याला बरं केलं ते डॉक्टरांनी ऑपरेशन करून, असंच तुमच्या तोंडून यायला हवं. नर्सला हे मी काय सांगणार!

आता दीर. या प्रकरणाचा कणा इथे आहे आणि बहुतेक लोक, पोलीससुद्धा, तो बघत नाहीत. अधिनियमाचं कलम ४ म्हणतं की लेखी तक्रारीशिवाय पोलिसांनी चौकशी किंवा तपास करायचा नाही, आणि ती तक्रार कोणाची? जिचं धर्मांतर झालं किंवा जिच्यावर प्रयत्न झाला तिची, तिच्या आई-वडिलांची किंवा सख्ख्या भावंडांची. रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या नात्यातले बाकीचे लोक तक्रार करू शकतात, पण न्यायालयाची परवानगी घेऊन. दीर हा लग्नाच्या नात्यातला. सासूही. नवल वाटेल, पण कलमात नवऱ्याचं वेगळं नाव नाही, म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे तोही परवानगीच्याच रांगेत उभा राहतो. दारात आलेली चार मुलं तर कोणत्याच रांगेत नाहीत.

हे माझं एकट्याचं मत नाही. २०२३ मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने जबलपूरला एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं: धर्मांतर झालेल्या कोणाची तक्रारच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातले काही एफआयआर रद्द केले, त्यातही तिऱ्हाइताला तक्रारीचा अधिकार नव्हता हा मुद्दा होता. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये कायदा बदलून तक्रारीचं दार सगळ्यांना उघडलं, त्यामुळे तिथल्या ताज्या प्रकरणांवरून कोणी तुम्हाला घाबरवत असेल तर त्यांना राज्य कोणतं ते विचारा.

कलम ४ मुळे एफआयआर अडतो, त्रास अडत नाही. गुन्हा नोंदवता येत नसला की 'शांतता भंगाची शक्यता' दाखवून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली उचलायचं आणि १२६ खाली शांतता राखण्याचा बाँड भरायला लावायचा, ही जुनी वाट आहे. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे त्या बाँडच्या सुनावणीला समोर बसलेला अधिकारीही पोलीसच असतो. अशी नोटीस आली तर एकट्या जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

थाण्याच्या फोनला उत्तर द्या, टाळू नका. नम्रपणे सांगा: लेखी नोटीस पाठवा, कोणत्या तक्रारीवर बोलावता ते त्यात लिहा, आणि साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर त्याच संहितेच्या कलम १७९ प्रमाणे महिलेला राहत्या घरीच विचारावं लागतं. अपवाद सोडले तर सूर्यास्तानंतर महिलेला अटकही करता येत नाही. हे सगळं दोन ओळींच्या हिंदी अर्जात लिहून थाण्याच्या आवकमध्ये देऊन पोच घ्या. एफआयआर झाल्याचा वास आला तर वाट बघू नका, त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात. शिक्षा दहा वर्षांपर्यंत असल्याने, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेऐवजी आधी नोटीस मिळते, त्या भरवशावर इथे राहता येणार नाही.

बुधवार बंद करू नका. स्वतःच्या घरात चार-पाच बायकांनी बसून प्रार्थना करायला मला माहीत असलेल्या कोणत्याही कायद्याने परवानगी लागत नाही. माइक नको, खिडकीत स्पीकर नको. शेजारणीचा नऊ वर्षांचा मुलगा आईसोबत येऊन चित्रं रंगवत बसतो असं तुम्ही लिहिलंय, त्याला तूर्त घरीच राहू द्या. अल्पवयीन हा शब्द या कायद्यात जड आहे. बाप्तिस्म्याचा विषय तिने काढलाय का, हे पत्रात नाही. काढला तर घाई नको. २०२१ च्या अधिनियमाच्या कलम १० मध्ये ६० दिवस आधी कलेक्टरला कळवण्याची अट आहे. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सकृद्दर्शनी घटनाबाह्य ठरवून तिच्या भंगासाठी सज्ञान व्यक्तींवर कारवाईला रोख लावला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली नाही. पण हा विषय पाद्रींनी वकिलासोबत बसूनच हाताळावा, तुमच्या बैठकीच्या खोलीत नव्हे.

ती मुलं पुन्हा आली तर जाळीचं दार उघडू नका, ११२ लावा. मल्टीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याचं मागचं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी सेक्रेटरींना लेखी मागा. ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

राहिला तिचा भाऊ. तो देवासला असतो आणि त्याला यातलं काही माहीत नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ ती. दिराच्या हातात नसलेला अधिकार त्याच्या हातात आहे, आणि दिराकडचे लोक त्याच्यापर्यंत आज ना उद्या पोचतील. 'आपणच आधी समजावून सांगावं' म्हणून तुम्ही त्याला फोन कराल, तर तो दबाव म्हणून वाचला जाईल. बहिणीने भावाला काय सांगायचं ते बहीण ठरवेल. तुम्ही फेब्रुवारीपासूनचं बँक स्टेटमेंट, दवाखान्याची पावती आणि थाण्यातून आलेल्या फोनची तारीख-वेळ एका फाइलीत लावा, आणि देवघराबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवा. खरं असेल तेच लिहा, उत्तर गैरसोयीचं असलं तरी.