यॉटच्या मागच्या लॉकरमध्ये रबर बदलूनही पाणी येतं. बोट मागे बसली आहे (मागचं टोक पाण्यात जास्त खोल गेलंय), त्याचा काही संबंध असेल का?

संबंध आहे, आणि तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की या दोन तक्रारी नाहीतच, एकच आहे. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे बोट ३६ फुटी, सेकंडहँड, फायबरची. गोव्याच्या मांडवी नदीत मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली असते. कॉकपिटमागच्या (सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेमागच्या) लॉकरच्या झाकणाभोवती पन्हळ आहे, तिच्यात पाणी साचून आत उतरतं, कधी उतरतं कधी नाही. रबर दोनदा बदललंत. आणि मागे डेव्हिट (डिंगी, म्हणजे छोटी होडी, टांगायचे हात), सोलर पॅनेल नि जादा बॅटऱ्या बसवल्यापासून बोट मागे बसलेली दिसते. तर आता तिसऱ्यांदा रबर आणू नका. आधी बोट तिच्या रेषेवर, म्हणजे मुळात जशी तरंगायला हवी तशी, आणा, मग निचरा सुधारा, आणि रबराला सगळ्यात शेवटी हात लावा.

असल्या झाकणाचं रबर पाणी शंभर टक्के अडवेल अशी अपेक्षाच नसते. रबराला चुकवून जे आत येईल ते पन्हळीने धरायचं आणि भोकावाटे बाहेर सोडायचं, अशी ती रचना आहे. पन्हळीच्या आतल्या अंगाला दोन-अडीच सेंटिमीटरचा काठ असतो, तोच खरा बांध. मी मालवाहू जहाजांवर काम केलंय. तिथेसुद्धा हॅच कव्हरचं, म्हणजे मालाच्या कप्प्यावरच्या झाकणाचं रबर कितीही उत्तम असलं तरी खाली पाणी वाहून नेणारी पन्हळ असते, कोमिंगला (झाकणाखालच्या उभ्या कठड्याला) निचऱ्याचे पाइप असतात आणि त्यांना पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो पाइप तुंबला की नव्याकोऱ्या रबराखालूनही माल भिजतो.

आता पन्हळीचा उतार बघा. तुमच्या पन्हळीला भोक पुढच्या बाजूला, कॉकपिटकडे आहे. बोट डिझाइनप्रमाणे तरंगत असेल तर तोच कोपरा सखल. पण हा उतार अगदी थोडा असतो. ६० सेंटिमीटर लांबीत एक अंश म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. बोट तेवढीच मागे झुकली की पन्हळ सपाट होते, आणि त्याहून थोडी जास्त झुकली की पाणी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, जिथे भोकच नाही. मग ते भरत भरत काठावरून आत. यात रबराचा काही दोष नाही.

एक अंश झुकायला किती वजन लागतं? ढोबळ हिशेब सांगतो. सहा टनांची, पाण्यावर नऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी बोट धरली, तर पुढच्या-मागच्या डुबीत एक सेंटिमीटरचा फरक पाडायला साधारण ८० किलो-मीटरचा (किलो गुणिले मीटर) जोर लागतो. म्हणजे ८० किलो वजन मध्यापासून एक मीटरवर, किंवा २० किलो चार मीटरवर. डेव्हिट, त्यांवर टांगलेली डिंगी, तिचं इंजिन, पॅनेल आणि बॅटऱ्या मिळून अडीचशे किलो सहज होतात, आणि हे सगळं मध्यापासून साडेचार मीटर मागे. गुणाकार होतो ११२५. भागिले ८० म्हणजे १४ सेंटिमीटर. नऊ मीटरच्या बोटीत हा जवळजवळ एक अंश झाला. पन्हळीचा उतार तिथेच संपला.

‘कधी उतरतं, कधी नाही’ हे कोडंही यातच सुटतं. पुढच्या बर्थखाली (झोपायच्या बाकाखाली) तुमची २०० लिटरची पाण्याची टाकी आहे. ती मध्यापासून तीन मीटर पुढे असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत सात-साडेसात सेंटिमीटरचा फरक पडतो. टाकी भरलेली असताना पन्हळ कशीबशी वाहते, रिकामी झाली की तुंबते. पुढच्या वेळी लॉकर ओला सापडला की टाकीत किती पाणी आहे ते लगेच बघा. आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. लॉकरमध्ये शंभर लिटर साचले तर ते शंभर किलोच असतात, तेही अगदी मागे. बोट आणखी पाच सेंटिमीटर झुकते, आणि पुढचा पाऊस आणखी जोरात आत येतो.

नदीच्या गोड्या पाण्यामुळे बोट खाली बसते, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. बसते, पण या आकाराच्या बोटीला ते एक सेंटिमीटरही भरत नाही, आणि पुढे-मागे जवळपास सारखंच बसते. तो संशय सोडून द्या.

अंदाजावर विसंबू नका, मोजा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. वारा नसताना, भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी, बोटीवर माणसं मध्ये बसवून केबिनच्या फरशीची पुढची-मागची पातळी घ्या, मग डावी-उजवी. फरशी बहुतेक बोटींत डिझाइनच्या ट्रिमला, म्हणजे ठरलेल्या पुढच्या-मागच्या तोलाला, सपाट असते. डिझायनरचं रेखाचित्र मिळालं तर उत्तमच. मात्र बाहेर रंगवलेल्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका. बोट जड झाली की मालक तो पट्टा वर सरकवून रंगवतात, त्यामुळे जुन्या बोटीचा पट्टा खोटं बोलू शकतो.

त्याच दिवशी पाणी नक्की झाकणातूनच येतंय याचीही खात्री करून घ्या, कारण मागे बसलेल्या बोटीत दुसरी वाट उघडते. सुकाणूच्या दांड्याचा ग्लँड (दांड्याभोवती पाणी अडवणारं सील) आणि मागच्या बाजूची फिटिंग्ज, जी एरवी पाण्याच्या वर किंवा काठावर असतात, ती बुडतात. चव घेऊन ओळखायचं म्हणाल तर पावसाळ्यात मांडवीचं पाणीच गोडसर असतं, त्याचा उपयोग नाही. लॉकर पुसून कोरडा करा, झाकण ताडपत्रीने बंद करा आणि बोट तशीच राहू द्या. तरी ओला झाला तर पाणी खालून येतंय, आणि मग ग्लँडचं काम पन्हळीच्या आधी. कोरडा राहिला तर पन्हळीच्या आतल्या काठावर खडूची जाड रेघ ओढा, झाकण लावा, नळीने पाणी सोडा. जिथे रेघ धुऊन गेली तिथून पाणी ओलांडतंय. मला तरी ती मागच्या कोपऱ्यातच पुसलेली दिसेल असं वाटतं.

वजनाबद्दल माझं मत ठाम आहे. तोल साधायला नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, वजन टाकू नका. काहीजण नांगराची जादा साखळी पुढे भरतात. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या वर जाते, म्हणजे ५० मीटरला एकशे दहा किलोच्या वर झालेच. कागदावर बोट सरळ होते, पण दोन्ही टोकांना वजन असलेली बोट लाटेत जास्त वेळ डोकं खालीवर करत राहते, नाळ लाटेत खुपसते. मागचं वजन मध्याकडे आणा. १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी साधारण तीस किलोची. अशा तीन बॅटऱ्या तीन मीटर पुढे सरकवल्यात, तर २७० किलो-मीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरहून जास्त परत मिळाले. बॅटऱ्या हलवायच्या तर केबलची जाडी नि फ्यूज इलेक्ट्रिशियनकडून नव्याने ठरवून घ्या. हत्यारांची पेटी, डिझेलचे कॅन, जादा नांगर मधल्या लॉकरमध्ये. लांबच्या प्रवासात डिंगी डेव्हिटवर नको, हवा काढून डोलकाठीपुढे डेकवर बांधा. तशीही मागून येणाऱ्या लाटेत ती डेव्हिटवर धोक्याचीच.

एवढं करूनही बोट पूर्ण रेषेवर येईलच असं नाही, आणि शिडांवर कलली की सखल कोपरा बदलतोच. म्हणून पन्हळीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत नवीन निचरा करा, एकाच नको. नळी २५ मिलिमीटर आतून. १२ची नळी तिच्या पाव क्षेत्राचीसुद्धा नसते, आणि पक्ष्यांची घाण, पानं, केस यांनी पहिल्याच पावसात बंद होते. आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. झाकण नि त्यावर उतरणारा डेक मिळून दोन चौरस मीटर असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पडला, तर तासाला शंभर लिटर त्या पन्हळीवर येतात.

भोक पाडताना डेकच्या आत गाभा म्हणून बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लाय आहे का ते पाहा. असेल तर मोठं भोक पाडून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून हव्या मापाचं भोक पाडा. नाहीतर गाभ्यात पाणी शिरून डेक कुजेल. गोव्यात हे काम जाणणारी माणसं आहेत. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी इथे दिवाडी बेटावरच बांधल्या गेल्या. नळीला कुठेही झोळ नको, सलग उतार हवा. ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) सोडू नका, कॉकपिटच्या निचऱ्यालाही जोडू नका, कारण बोट मागे बसली की तोच निचरा उलटा भरतो. तोंड मागच्या भिंतीत, पाण्याच्या पुरेसं वर. इंजिनवर पूर्ण वेगात जाताना मागची बाजू आणखी बसते, तेव्हा ते तोंड बुडतं का हे एकाने मागे वाकून बघायलाच हवं.

मग रबर. बंद छिद्रांचं निओप्रीन किंवा ईपीडीएम घ्या, आणि जाड घेण्याचा मोह टाळा. बिजागरीकडे जाड रबर अडकलं की झाकण समोरच्या बाजूला बसतच नाही. काठाला खडू लावून झाकण दाबा, रबरावर अखंड रेघ उमटली पाहिजे.

तुम्ही बोट घेऊन मुंबईला जाणार असाल, तर हे सगळं होईपर्यंत निघू नका. त्या लॉकरमध्ये सुकाणूची यंत्रणा आहे, आणि मागून लाट आली तर पन्हळीचा विषयच उरत नाही, झाकण टिकायला हवं. त्याला आतून बंद होणारा पक्का खिट्टा लावा, लॉकरमध्ये वेगळा बिल्ज पंप बसवा, आणि पाणी आल्याचा भोंगा केबिनमध्ये ऐकू येईल असा ठेवा.