मंडळी ‘होते’ की मंडळी ‘होतात’?

प्रश्न असा आलाय: “मी प्रूफं तपासते. एका चर्चच्या शताब्दीची स्मरणिका हातात आली, त्यात वाक्य होतं, ‘ख्रिस्तावर विश्वासणारे सर्व मिळून आध्यात्मिक मंडळी होते.’ मी ‘होतात’ केलं. पुढे ‘मंडळीचा इतिहास’ होतं तिथे टिंब देऊन ‘मंडळींचा’ केलं. पाळकांनी दोन्ही दुरुस्त्या खोडून प्रूफ परत पाठवलं. चूक कुणाची? आणि आध्यात्मिक मंडळी म्हणजे अध्यात्माची आवड असलेले लोक का?”

ताई, पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) बरोबर आहेत. पण तुमचा हात जिथे अडला तिथे कुणाही मराठी माणसाचा अडेल, कारण ख्रिस्ती मराठीतली मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समूह, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातली मंडळी दिसायला सारख्या असल्या तरी व्याकरणाने वेगळ्या चालतात.

रोजच्या बोलण्यात बघा. ‘पाहुणेमंडळी आली आहेत’, ‘मंडळींनी जेवून घ्यावं’, ‘चार मंडळी जमली की गप्पा होतात’. इथे मंडळी म्हणजे माणसं, सुटी सुटी, मोजता येणारी, म्हणून तर ‘चार मंडळी’ म्हटलं की चार माणसं डोळ्यापुढे येतात. गावाकडे ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणणारा तर एका माणसाबद्दल, बायकोबद्दल बोलत असतो. या सगळ्यात समूह आहे खरा पण त्याला स्वतःचं असं अस्तित्व नाही, जेवणं आटोपून लोक उठले की मंडळी संपली.

आता मराठी बायबल उघडा. मत्तयच्या १६व्या अध्यायात येशू आपल्या पेत्र या शिष्याला म्हणतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन, आणि लगेच पुढे ‘तिच्यापुढे’ अधोलोकाच्या द्वारांचं काही चालणार नाही. ‘त्यांच्यापुढे’ नाही, ‘तिच्यापुढे’. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल करिंथ या ग्रीक शहराला पत्र लिहितो ते तिथल्या देवाच्या ‘मंडळीस’. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया अशा सात गावांना निरोप जातात (ही सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात), तिथे शब्द आहे ‘सात मंडळ्या’. सात मंडळी म्हटलं असतं तर सात माणसं झाली असती, मंडळ्या म्हटल्यावर सात समूह झाले. हे अनेकवचन रोजच्या बोलण्यात आपण जवळपास वापरतच नाही. नाटकवाल्यांनी मात्र वापरलंय बरं का, १८८० साली किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली, आणि अशा अनेक कंपन्यांबद्दल लिहिताना सगळे ‘नाटक मंडळ्या’च लिहितात. नट येतात, सोडून जातात, मरतात, पण मंडळी तीच राहते. ख्रिस्ती मंडळीचं व्याकरण या जातीचं आहे, पाहुणेमंडळीच्या जातीचं नाही. म्हणून ‘मंडळीचा इतिहास’, टिंब न देता. टिंब दिलंत की तो त्या लोकांचा इतिहास होतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचे लोक तर आता नाहीत, शंभर वर्षं ज्याला झाली ती मंडळी आहे.

आणि ‘होतात’ का नको? तर ‘मिळून’मुळे. सोळा आणे मिळून एक रुपया होतो असंच आपण म्हणत आलो, होतात असं कुणी म्हणत नाही. मिळून जे तयार होतं त्याच्यावर क्रियापद बसतं. विश्वासणारे कितीही असोत, ते मिळून जी बनली ती एक, म्हणून ‘होते’.

इथपर्यंत व्याकरण झालं, पण मला या शब्दाबद्दल आत्मीयता आहे ती त्याच्या मागच्या गोष्टीमुळे, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

बायबलचा नवा करार हा भाग मूळ ग्रीकमध्ये आहे, आणि तिथे मंडळीसाठी शब्द आहे एक्लेसिया. तो काही देवाधर्माचा शब्द नव्हता. अथेन्समध्ये नागरिकांची जी सभा भरायची, कायदे करायची, युद्धाचं ठरवायची, ती एक्लेसिया. बायबलमध्येच प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९, इफिसमध्ये सोनार-कारागिरांनी पौलाच्या लोकांविरुद्ध दंगा केला तेव्हा नाट्यगृहात जमलेल्या त्या गोंधळी लोकांनाही हाच शब्द आहे, तिथे आपण मराठीत सभाच म्हणणार. यहुदी लोकांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये नेली तेव्हा देवापुढे जमलेल्या इस्राएल लोकांना ‘काहाल’ हा जो हिब्रू शब्द होता त्याच्यासाठी पुष्कळ ठिकाणी त्यांनी एक्लेसिया घेतला, आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो तिथून उचलला. मुद्दा हा की यात इमारत कुठेच नाही. इमारत नव्हतीच त्यांच्याकडे! पहिली दोनशे वर्षं हे लोक घराघरात जमायचे. आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती प्रार्थनास्थळ म्हणतात ते सिरियातल्या दुरा-युरोपोसचं, तिसऱ्या शतकातलं, तेसुद्धा एका राहत्या घरातच फेरफार करून केलेलं. पौलाचं फिलेमोनाला छोटंसं पत्र आहे, त्यात तुझ्या घरी जी मंडळी आहे तिलाही असा नमस्कार येतो. आपल्यासारख्या वाचकाला तिथे हमखास वाटतं की घरची मंडळी, बायकोमुलं. तसं नाही, त्याच्या घरी जमणारी ती गावातली मंडळी.

आता गंमत बघा. इंग्रजी ‘चर्च’ एक्लेसियातून आलेला नाहीच, तो ‘कुरियाकोन’ म्हणजे ‘प्रभूचं’ या वेगळ्या ग्रीक शब्दातून आला, प्रभूचं घर अशा अर्थी, म्हणजे जन्मापासून इमारतीचा शब्द. १५२६ मध्ये विल्यम टिंडेल या भाषांतरकाराने नवा करार इंग्रजीत आणला तेव्हा त्याने मुद्दाम चर्च टाळून ‘काँग्रिगेशन’ म्हणजे जमलेले लोक असा शब्द घातला, आणि पुढे इंग्लंडच्या राजा जेम्सच्या आज्ञेने १६११ चं भाषांतर झालं तेव्हा भाषांतरकारांना नियमच घालून दिलेला होता की जुना चर्च शब्दच ठेवा. शब्दावरून एवढं झालेलं आहे. उलट पोर्तुगीज ‘इग्रेजा’ मात्र थेट एक्लेसियाची लेक, आणि तीच गोव्यात कोकणीत ‘इगर्ज’ झाली. म्हणजे ‘इगर्जीत जाऊन येतो’ म्हणताना माणसाच्या मनात चुन्याने रंगवलेली इमारत असते पण शब्दाच्या पोटात माणसांची सभा आहे, आणि ‘आमचं चर्च फार प्रेमळ आहे’ म्हणताना मनात माणसं असतात पण शब्दाच्या पोटात घर. हिंदीतला ‘कलीसिया’सुद्धा फारसीमार्गे आलेला तोच एक्लेसिया. मराठीने आणि शेजारच्या गुजरातीने मात्र परका शब्द न घेता घरचा मंडळी घेतला, मंडल म्हणजे वर्तुळ त्यातून आलेला. मला ही निवड फार आवडते.

माझी आजी नगर जिल्ह्यातली, ती इमारतीला देऊळ म्हणायची आणि माणसांना मंडळी. ‘देवळात झाडलोट झाली का’, ‘मंडळीत भांडण लागलंय’. दोन शब्द, दोन गोष्टी, तिची कधी गल्लत झाली नाही. आमच्या पिढीने दोन्हीला चर्च म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हाला प्रवचनातून समजावून सांगावं लागतं की चर्च म्हणजे इमारत नव्हे हो, तुम्ही-आम्ही. आजीला हे कुणी समजावलं असतं तर तिला नवलच वाटलं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘आध्यात्मिक’. तुम्ही म्हणता तसा अर्थ सहज निघतो, आध्यात्मिक मंडळी म्हणजे प्रवचन-कीर्तनाला जाणारे, ध्यानाला बसणारे लोक. पण इथे आध्यात्मिक हे माणसांच्या आवडीचं वर्णन नाही, ती कशाने बांधली गेलीत त्याचं वर्णन आहे. नात्याने नाही, जातीने नाही, वर्गणीच्या पावतीने नाही, ट्रस्टच्या नोंदणीने नाही, तर पवित्र आत्म्याने. ख्रिस्ती बोलण्यात यासाठी ‘आत्मिक’ हा शब्द जास्त चालतो, आत्मिक जीवन, आत्मिक वाढ, आणि मला तो इथे जास्त नेमका वाटतो, कारण त्यात आत्मा हा शब्द उघड ऐकू येतो.

‘रचीन’ हे क्रियापद परत एकदा बघा. मंडळी जमते, गोळा होते, पांगते. रचतात काय? धोंडे, विटा, कडब्याची गंजी, ओव्या. मंडळी रचणे हा जोड कानाला खटकतो, आणि खटकायलाच हवा, कारण मूळ ग्रीकमध्येही घर बांधायचंच क्रियापद आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात हे चित्र पूर्ण होतं, तुम्ही जिवंत धोंडे आहात आणि तुमचंच आध्यात्मिक मंदिर रचलं जातंय. तुमच्या स्मरणिकेतल्या वाक्यातला ‘आध्यात्मिक’ बहुतेक इथूनच आलाय. नुसता एक धोंडा कितीही चांगला असला तरी तो धोंडाच, भिंत व्हायला शेजारी दुसरा लागतो, वर तिसरा लागतो.

अजून एक जागा सांगते जिथे मराठी वाचक फसतो. करिंथकरांना पौल म्हणतो, तुम्ही देवाचं मंदिर आहात. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनही आहे, त्यामुळे एकटं बसून वाचताना वाटतं मला एकट्यालाच म्हटलंय. ग्रीकमध्ये तिथे स्वच्छ अनेकवचन आहे आणि मंदिर एकवचन. तुम्ही सगळे मिळून एक मंदिर. परत तेच सोळा आण्यांचं गणित! त्याच पत्रात पुढे १२व्या अध्यायात, तुम्ही ख्रिस्ताचं शरीर आणि एकेक जण अवयव. इंग्रजीत या अवयवाला ‘मेंबर’ आहे, आणि मेंबर मुळात लॅटिनमध्ये हात-पाय असा अवयवच होता, नंतर तो क्लबाचा सभासद झाला. आपल्याकडे अवयव आणि सभासद वेगळे राहिले हे बरं झालं, सभासद राजीनामा देऊ शकतो, अवयवाला तशी सोय नाही.

कॅथोलिक लोक, म्हणजे वसईकडचे वगैरे, यालाच ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. हा शब्द अनेकवचनाच्या घोळातून सुटतो, कारण सभा कुणी सुट्या माणसांना म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५ मधली कॅथोलिक बिशपांची जागतिक परिषद) ‘देवाची प्रजा’ असंही ऐकू येतं. आणि ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघांनाही त्यात जागा, मिशनची चौकट सोडून ख्रिस्ताच्या शिष्यांचं एक देशी रूप त्यांना हवं होतं. दोनच वर्षांनी ते गेले. शब्द म्हणून दरबार मला भव्य वाटतो, त्यात मधोमध राजा दिसतो, पण शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही. मंडळीत आधी शेजारचाच दिसतो.

‘होते’बद्दल शंका राहिली असेल तर एक घडलेली गोष्ट सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ते मराठीत एका ओळीत लिहायचं तर: सहा मंडळ्या मिळून एक मंडळी झाली. पाहुणेमंडळीच्या व्याकरणात हे वाक्य लिहूनच दाखवता येणार नाही.

फक्त एक सुचवते, पाळकांशी बोलून बघा. ‘होते’ हे भूतकाळासारखंही वाचलं जातं, ‘विश्वासणारे होते’ असं, आणि बाहेरचा वाचक तिथे दचकतो. तेव्हा ‘ख्रिस्तावर विश्वासणारे सर्व मिळून एक आत्मिक मंडळी बनते’ असं केलं तर कुणाचाच गोंधळ होणार नाही. ‘विश्वासणारे’ला हात लावू नका, तो त्यांचा रुळलेला शब्द आहे, ‘विश्वास ठेवणारे’ करत बसू नका. आणि ‘मंडळींचा’ वरची टिंबं पूर्ण स्मरणिकेतून शोधून काढा, फक्त स्वागताच्या भाषणात ‘उपस्थित मंडळींचे आभार’ असेल तिथलं राहू द्या, ते बरोबर आहे.